बारा एप्रिलचे तीन हार

कुणी चुकीचं बोललं की मला गप्प बसणं जमत नाही. हा गुण की खोड, ते माझ्या बायकोला विचारा. लग्नाच्या पंगतीत कुणी म्हणालं की चंद्राला स्वतःचा उजेड असतो, तर मी हातातला घास ताटात ठेवून त्याला थेट सूर्यापर्यंत नेऊन सोडतो. वाशीमला आमचं कापडाचं दुकान होतं. वडील कापड मोजताना बोटभर जास्त सोडायचे, कमी कधीच नाही, आणि खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगायचे. त्यांची ती सवय माझ्यात उतरली, दुकान मात्र उतरलं नाही. मी मास्तर झालो. अशा माणसानं एका बाईशी तीन वर्षं खोटं बोलावं, आणि त्याची सुरुवात भोंग्यावरून करावी, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चौऱ्याहत्तर साली माझी नेमणूक मेडशीपासून तीन मैल आत असलेल्या एका गावी झाली. तेव्हा आमचा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. एसटी मेडशीला सोडायची, पुढचे तीन मैल पायी. खोली मिळाली ती शाळेला लागून, बौद्ध वस्तीत. आम्ही जैन, त्यातही कर्मठ. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "गावात दुसरी खोली नव्हती?"

"होती. पण तिला छप्पर नव्हतं."

हे अगदी खरं होतं.

खोलीच्या मालकिणीला सगळी वस्ती माय म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. दोन एकर स्वतःचं वावर आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी. पहिल्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं आणि मी कांदा-लसूण खात नाही हे कळल्यावर कपाळाला हात लावला. "कांदा नाई, लसूण नाई, मंग खाता काय, हवा?" असं म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून माझ्यासाठी वरण वेगळ्या गंजात शिजायला लागलं.

तिच्या घरात दोन फोटो होते. एक, ज्यांच्या मागं जाऊन छप्पन्न साली सगळ्या वस्तीनं धम्म घेतला, त्यांचा. त्याला कागदी फुलांचा हार बारा महिने असायचा. दुसरा तिच्या धाकट्या मुलाचा, पलटणीच्या गणवेशातला, कान जरासे बाहेर आलेले. त्या फोटोला हार नव्हता.

धाकटा एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर होता. लढाई संपली, गावोगावचे शिपाई घरी आले, हा आला नाही. मग सरकारी कागद आला. त्यात मेला असं नव्हतं, सापडला असंही नव्हतं. बेपत्ता, एवढंच लिहिलं होतं. थोरला मुलगा वस्तीच्या जयंती मंडळाचा अध्यक्ष. चार लोकांत वावरणारा, कामाचा माणूस. तो अधूनमधून विषय काढायचा.

"माय, किती वर्सं झाले आता. त्याचं पुण्यानुमोदन करून टाकू. भंतेजीले बोलावू, त्याच्या नावानं चार लोकाइले जेवू घालू. माणसाले कोठी तं थांबाव लागते."

"कोणी पाह्यलं का त्याले मेलेलं?"

"नाई पाह्यलं."

"मंग हार कोणाले घालू?"

थोरला उठून बाहेर जायचा. मी माझ्या खोलीत बसून हे ऐकायचो. मनातून मी थोरल्याच्या बाजूचा होतो. चार-चार वर्षं माणूस कुठे राहणार? पण एवढ्या तेवढ्यावरून लोकांना सुधारणारा मी, त्या एका जागी माझी जीभ कधी वळवळली नाही.

आता त्या मासिकाचं सांगतो. रशियातून मराठीत छापून एक मासिक यायचं. कागद इतका गुळगुळीत की शाळेतली पोरं पुस्तकांना कव्हर घालायला पानं मागून न्यायची. मी त्याचा वर्गणीदार होतो. शहात्तरच्या मार्चमध्ये त्यात आलं, की माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला त्याला बारा एप्रिलला पंधरा वर्षं होतात. गावोगाव लोकांनी एकत्र जमून हा दिवस साजरा करावा आणि वृत्तांत पाठवावा. निवडक वृत्तांत छापू, असंही होतं. सोबत पूर्ण पानभर रंगीत फोटो. नारिंगी पोशाख, डोक्यावर पांढरं शिरस्त्राण आणि अतिशय मोकळं हसू.

मी ओट्यावर बसून ते वाचत होतो. माय समोर तूर पाखडत होती. तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"डोक्शावर गंज घालून कोण बसला हा?"

मी हसलो आणि सगळं सांगितलं. असं सांगायला मिळालं की मला थांबवणं कठीण. रॉकेट कसं उडतं, वर वजन कसं लागत नाही, पृथ्वी निळी कशी दिसते. ती आपली पाखडत होती.

"आन वापस आला?" तिनं विचारलं.

"आला ना. पृथ्वीला फेरी मारून एकशे आठ मिनिटांत खाली."

"कोठी आला?"

"शेतात उतरला. एक बाई नातीला घेऊन बटाटे लावत होती, त्यांच्यासमोरच."

तिच्या हातातलं सूप थांबलं.

"वावरात?"

"हो, वावरात."

"त्या बाईले पयले कोणी सांगतलं होतं?"

"नाही. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती आधी घाबरली म्हणे."

"भ्याचं काय त्याच्यात? कोणाचं तरी पोरगं घरी आलं." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "म्हंजे कोणाले मालूम नसते, आन तरीबी माणूस येते."

खरं तर पुढचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. हा हसरा माणूस अडुसष्ट सालीच गेला होता. अंतराळातून सुखरूप आला आणि सात वर्षांनी साध्या विमानाच्या अपघातात गेला. मला ते पक्कं ठाऊक होतं, त्याच मासिकाच्या जुन्या अंकात मी वाचलं होतं. पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विचारलं तेवढंच सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या दिवसापासून बारा एप्रिलचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. आपल्या गावाचं नाव रशियात छापून येईल! आणि सोय आयती होती. चौदा तारखेच्या जयंतीसाठी वस्तीत दोन-तीन दिवस आधीच मांडव पडायचा, मेडशीहून भोंगा आणि बॅटरी यायची, अकोल्याहून हार यायचे. दोन दिवस आधी त्याच मांडवात तासाभराचा कार्यक्रम केला तर कुणाचं काय जात होतं? मी थोरल्याकडे गेलो. तो निळ्या पताका दोरीला चिकटवत होता.

"अध्यक्ष, बारा तारखेला सायंकाळी मांडव द्या."

"कायले?"

मी सांगितलं.

"आपल्याइकडचा हाय का तो?"

"नाही, रशियाचा."

"मोठ्या घरचा हाय?"

"सुताराचा मुलगा."

त्यानं पताका खाली ठेवली. "मंग द्याले काई हरकत नाई. पण मांडवाच्या बल्ल्याइले हात लावाचा नाई, पताका फाटू द्याच्या नाई, आन गुर्जी, तुमी भाषण लांबवाचं नाई."

तिसरी अट मला लागली, पण कबूल केली.

बारा तारखेला ऊन उतरलं तशी माणसं जमू लागली. पोरांनी ज्वारीच्या धांड्यांचं पुरुषभर उंच रॉकेट बांधून त्याला चुना फासला होता. ते एका बाजूला कललेलं होतं, पण लांबून रुबाबदार दिसायचं. बायकांनी कैऱ्या उकडून दोन घागरी पन्हं केलं होतं. फुटाण्यांचं पोतं होतं. भोंगा निंबाच्या झाडावर बांधला होता आणि त्याचा आवाज पार नाल्यापलीकडच्या वावरांत जात होता. मी घामानं डबडबलेलो, पण छाती फुगलेली. एवढी माणसं आपल्या शब्दाखातर आली, असं मला वाटत होतं. ती पन्ह्यासाठी आली होती, हे मला नंतर थोरल्यानं सांगितलं.

मांडवात टेबल, टेबलावर पांढरी चादर. मधोमध मंडळाची मोठी तसबीर, तिच्या उजवीकडे मी पुठ्ठ्यावर डकवलेला माझ्या अंतराळवीराचा फोटो. तेवढ्यात माय आली. धुतलेलं लुगडं नेसली होती. तिनं पदराखालून काहीतरी काढलं. धाकट्याचा फोटो होता.

"यालेबी बसवा त्याच्याजौळ," ती म्हणाली. "तो आला, हाबी येईन."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मला बरं वाटलं. मी तो फोटो अंतराळवीराच्या शेजारी नीट टेकवून ठेवला. ती बायकांत जाऊन पहिल्या रांगेत बसली आणि टेबलाकडे बघत राहिली. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती.

प्रमुख पाहुणे आमचे मुख्याध्यापक. भोंग्याचं बोलकं, म्हणजे माईक, माझ्या हातात. आणि आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की त्याचा एक ठरलेला गाडा असतो. दीप लावायचा, हार घालायचा, स्वागतगीत, मग पाहुण्यांचा परिचय. शाळेत, जयंतीत, सहकारी सोसायटीच्या सभेत, सगळीकडे तेच. तो गाडा मी इतक्यांदा हाकला होता, की तोंड आपोआप चालायचं.

"आता प्रमुख पाहुण्यांनी दीप लावून हार अर्पण करावेत, अशी मी त्यांना विनंती करतो."

थोरल्यानं ताट पुढं केलं. ताटात तीन हार होते. टेबलावर तीन फोटो होते, म्हणून तीन हार. त्यानं ते सवयीनं केलं की मुद्दाम, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मुख्याध्यापकांनी पहिला हार मोठ्या तसबिरीला घातला. टाळ्या. दुसरा अंतराळवीराला. टाळ्या. तिसरा धाकट्याला. टाळ्या, आणि त्या अर्ध्यातच तुटल्या.

वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की त्या फोटोला हार नसतो. मलाही ठाऊक होतं. रोज तिच्या घरात बसून मी वरण-भाकर खात होतो. आणि तरी ‘हार अर्पण करावेत’ हे माझ्याच तोंडून निघालं होतं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

माय उठली. कुणी तिला अडवलं नाही. ती टेबलापाशी आली आणि धाकट्याच्या फोटोवरचा हार तिनं काढला. ओढून नव्हे, हळूच. ताटात ठेवला. झेंडूची एक पाकळी काचेला चिकटली होती, ती नखानं काढली. मग तिनं अंतराळवीराकडे पाहिलं. त्याच्या गळ्यात हार होता आणि तो हसत होता. ती माझ्याकडे वळली. मी हाताच्या अंतरावर उभा होतो आणि बोलकं माझ्या हातात तसंच चालू होतं.

"गुर्जी, हा जिता हाय ना?"

तिचा प्रश्न भोंग्यातून निघाला, निंबावरून वस्तीवर पसरला आणि नाल्यापलीकडे गेला. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. थोरला बघत होता. मुख्याध्यापक रुमालानं मान पुसत होते. मला बोलकं बंद करायचंही सुचलं नाही. आयुष्यभर मी लोकांना खरं काय ते सांगत आलो होतो आणि आता पहिल्यांदाच कुणीतरी मला, खरं काय ते, जीव तोडून विचारत होतं.

"हो माय," मी म्हणालो. "जिता आहे."

तेही भोंग्यातून गेलं.

तिनं अंतराळवीराच्या गळ्यातला हार काढून ताटात ठेवला. मग मोठ्या तसबिरीसमोर गेली. तिथला हार थोडा तिरपा बसला होता, तो तिनं सरळ केला, हात जोडले आणि आपल्या जागी जाऊन बसली. मला म्हणाली, "आता चालू द्या."

मी चालू दिलं. स्वागतगीत झालं. मी भाषण केलं, थोरल्याला दिलेल्या शब्दाप्रमाणे लांबवलं नाही, कारण लांबवण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. पोरांनी रॉकेटभोवती दंगा केला. पन्हं संपलं. लोक घरी जाताना म्हणत होते, छान झालं जी, दरसाल करत जा.

मासिकाला वृत्तांत मी लिहिला. चार पानं. मग वाचून पाहिला. त्यांच्या लाडक्या माणसाला आमच्या गावानं जिवंत करून ठेवलं, हे त्यांना कोणत्या तोंडानं कळवू? पानं फाडून चुलीत घातली. आमच्या गावाचं नाव काही छापून आलं नाही.

खोटं एकदा बोललं की ते सांभाळायला लागतं, हे मी मुलांना शुद्धलेखनात घालत असे. आता ते मला करावं लागलं. पुस्तकांना कव्हर घालायला मासिकाची पानं देणं मी बंद केलं. न जाणो, एखाद्या पानावर ‘दिवंगत’ लिहिलेलं असायचं आणि एखादं पोर मायला वाचून दाखवायचं. पोरं म्हणाली, गुर्जी कंजूस झाले. चौथीच्या वर्गात एकानं विचारलं, "गुर्जी, तो आता काय करून राह्यला?" मी म्हणालो, "विमान चालवतो." आणि मग फळा पुसला, जो आधीच कोरा होता.

थोरल्यानं त्या दिवसानंतर पुण्यानुमोदनाचा विषय काढला नाही. एकदा फक्त मला विहिरीवर भेटला तेव्हा म्हणाला, "गुर्जी, तुमचा तो माणूस जिता हाय म्हून आमची माय जिती हाय." तो हे रागानं म्हणाला की उपकार मानून, मला कळलं नाही. मी बादली भरून घेतली आणि घरी आलो.

आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात ज्याचं म्हणून मन दुखवलं असेल, त्याच्यापुढे हात जोडून माफी मागायची. दरवर्षी मी वाशीमला जायचो. त्या वर्षी पावसानं नाल्याला पूर होता म्हणून गावातच राहिलो. सकाळी आंघोळ करून मायकडे गेलो. ती चुलीपुढं बसली होती.

"माय, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा."

"आँ? काय चुकलं बाप्पा तुमच्याकून?"

"आमच्यात अशी रीत आहे. सगळ्यांनाच विचारतात."

"समद्याइले इचारा. मले कायले इचारता? माफी मागाची तं काय केलं ते सांगाव लागते." ती हसत होती. "सांगा, काय केलं?"

मी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठावर होते. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन फोटोंच्या शेजारी तिसरा आला होता, माझा पुठ्ठ्यावरचा अंतराळवीर, धाकट्याच्या खांद्याला खांदा लावून. दोघेही बिनहाराचे.

"काही नाही," मी म्हणालो. "वरणात मीठ कमी आहे, असं एकदा मनात म्हणालो होतो."

"जा. केलं माफ," ती म्हणाली आणि भाकर थापायला लागली. मी खोलीत आलो आणि दार लावून रडलो. कारण मला सांगता येत नव्हतं, आणि न सांगता राहवत नव्हतं, आणि या दोन्हीतून बाहेर यायची वाट मला दिसत नव्हती.

दुसऱ्या वर्षी मार्च लागला तसं तिनंच थोरल्याला आठवण करून दिली. त्या बारा तारखेला पन्ह्यावर भागलं नाही. बायकांनी गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, माझी बिनकांद्याची वेगळी. हार कुणी आणला नाही. आता तशी रीतच पडली होती: चौदा तारखेला हार, बारा तारखेला फोटो नुसते पुसायचे. जेवणं झाल्यावर ती कोरा कागद घेऊन माझ्याकडे आली.

"त्याले चिठ्ठी लिहा."

"कुणाला?"

"तुमच्या त्या रशियावाल्याले. वरतून समदं दिसते म्हंता ना. त्याले इचारा, सरहद्दीकडे वाट चुकलेलं कोणी दिसलं का म्हणा. कान भाईर हायेत, वळखू येते."

"माय, वरून माणसं दिसत नाहीत. माणूस फार लहान असतो."

"तुमी गेलते का वर?"

मी लिहिलं. ती सांगत गेली तसं, तिच्याच शब्दांत. तिनं खाली अंगठा उठवला. तिला वाटत होतं मी ते पत्र मेडशीच्या पोष्टात टाकलं. ते माझ्या पेटीत होतं, कपड्यांच्या तळाशी. पुढं ती दर पंधरा दिवसांनी विचारायची, आलं का काही? मी म्हणायचो, रशिया फार लांब आहे. तीही मान हलवायची. लांब असतं हे तिला पटायचं.

मी पळालो, असंच म्हणायला हवं. अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात तिसऱ्यांदा फोटो पुसून झाले आणि जूनमध्ये मी अर्ज करून बदली मागून घेतली. मंगरुळपीरकडे आसेगाव मिळालं. घरच्यांना कारण सांगितलं की शाळा मोठी आहे. निघताना माय फाट्यापर्यंत आली, शिदोरीत बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी बांधून. म्हणाली, "त्याची चिठ्ठी आली तं तिकून इकडे धाडजा."

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर वाशीमच्या एसटी स्टँडवर मेडशीचा भोंगेवाला भेटला. त्यानं सांगितलं, वस्तीतली माय गेली, आठ दिवस झाले. कापूस वेचता वेचता वावरातच बसली आणि उठली नाही.

मी तसाच मेडशीची गाडी धरली. गाडीत मी एकच गोष्ट ठरवली. आता थोरल्याला सगळं खरं सांगायचं. आता कुणाचं काही मोडणार नव्हतं. तीन मैल चालताना मी वाक्यं जुळवली. मी खोटं बोललो होतो, तो माणूस तेव्हाही नव्हता, पत्र मी टाकलंच नाही. सोपी वाक्यं होती.

थोरला ओट्यावर बसला होता, अंगात पांढरे कपडे. मला पाहून उठला, आत घेऊन गेला. मी भिंतीकडे पाहिलं. पहिल्या फोटोला नेहमीचा कागदी हार होता. धाकट्याच्या फोटोलाही हार होता, ताजा झेंडूचा. मायचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून तिचा नव्हता.

"दोघायचं पुण्यानुमोदन संगंच केलं," थोरला म्हणाला. "ती असती तं करू देल्लं नसतं. आता कोणासाठी थांबू?"

आणि त्यांच्या शेजारी माझा अंतराळवीर होता. पुठ्ठा कडेनं वाकलेला, रंग थोडा उडालेला. गळा मोकळा. जो गेला हे मला पक्कं ठाऊक होतं त्याला हार नव्हता. ज्याचं कुणालाच काही ठाऊक नव्हतं त्याला होता.

थोरल्यानं माझी नजर पाहिली. त्यानं खिळ्यावरून पुठ्ठा उतरवला, बाहीनं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"हा तुमी घेऊन जा गुर्जी. या घरात आता कोणी वाट पाहणारं नाई राह्यलं. आन त्याले कळवून द्या, चिठ्ठी लिहिणारी गेली म्हून. बिचारा जबाब द्याले बसला असंन."

मी पुठ्ठ्याची वाकलेली कड सरळ केली.

"कळवतो," मी म्हणालो.

तो फोटो माझ्याकडे आहे. पत्र त्याच्या मागं, पुठ्ठा आणि कागद यांच्यामध्ये. दिवाळीच्या साफसफाईत बायको दरवर्षी विचारते, हा कोण, आणि गेलेला असला तर याला एखादा हार तरी घाला. मी म्हणतो, राहू दे. बारा एप्रिलला मी तो खाली काढतो, कोरड्या फडक्यानं पुसतो आणि तसाच बिनहाराचा परत टांगतो.